अकरा वर्षांचा राम राम

नाथाजीअण्णांचा सज्जनपणा ढळला तो मिरजेच्या इस्पितळात, एका स्टुलावर. स्टूल त्यांच्यासाठी नव्हतंच. ते त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी होतं, आणि अण्णा नुसती जागा धरून बसले होते. पण तो सज्जनपणा मुळात केवढा होता हे आधी सांगायला हवं, नाहीतर काय ढळलं ते कळायचं नाही.

पिंपरटेक हे कृष्णाकाठचं, भिलवडी स्टेशनापासून दोन कोसांवरचं गाव. ऊस, हळद, आणि चार घरांमागे एक माणूस पलटणीत. जमीन चांगली असल्यामुळे भांडणंही चांगली पिकत. ती सगळी शेवटी नाथाजीअण्णांच्या सोप्यावर येत, कारण गावाचं एकमत होतं की, "अण्णा मानूस बघत न्हाईत."

आणि खरंच बघत नसत. वाटेत कुणीही भेटो, लहान-थोर, सावकार-मजूर, अण्णा आपण होऊन आधी म्हणत, "राम राम! बरं हाय न्हवं?" गावकुसाबाहेर राहणाऱ्या भिवालाही म्हणत. भिवाला आधी राम राम घालायची गावात पद्धत नव्हती, म्हणून चार जाणती माणसं कुरकुरली. पण शाळेच्या मास्तरांनी अण्णांना सुधारक ठरवलं, आणि मग कुरकुरणाऱ्यांना आपण मागासलेले दिसू अशी भीती वाटायला लागली.

नदीवर बायका धुणं धूत असल्या की अण्णा मान खाली घालून, पायाखालची वाट बघत जात. आया आपल्या पोरांना ते दाखवत. न्यायनिवाड्याला बसले की डोळे बारीक करून दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत. त्यामुळे कुणाचे वटारलेले डोळेही चालत नसत आणि रडणंही. एकदा एकजण त्यांच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडला, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "ह्ये वलं कशानं झालं?" आणि निकाल त्याच्या विरुद्ध दिला. गुंडा म्हणून गावातला एकजण, त्याच्या शेळ्या अण्णांच्या उसात दिवसाढवळ्या चरत. अण्णा शेजारून जात आणि चकार शब्द काढत नसत. केवढं मन, असं गाव म्हणे. गुंडा तर सगळ्यात मोठ्यानं म्हणे.

पण या सगळ्यावर कळस होता तो आप्पासोच्या प्रकरणाचा.

आप्पासोचं रान अण्णांच्या रानाला लागून. मध्ये हद्दीचा दगड. अण्णांच्या विहिरीच्या थारोळ्यापासून, म्हणजे मोटेचं पाणी पडतं तिथून, तो दगड एकवीस पावलांवर, हे अण्णांच्या आज्यापासून ठरलेलं. पस्तीस साली चैत्रात अण्णांनी पावलं टाकली तर दगड अठराव्या पावलाला अंगठ्याला लागला. अंगठाही फुटला आणि भांडणही. जोतिबाच्या देवळात पायरीला हात लावून, सगळ्या गावासमोर अण्णा म्हणाले, "ह्या आप्पासोशी मी जल्मात बोलनार न्हाई. आन् त्या दगडाकडं माझा पाय वळनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वाटेवर आप्पासो समोरून आला. बघणारांनी श्वास रोखला. अण्णा तीन पावलांवर आले, थांबले आणि म्हणाले, "राम राम! बरं हाय न्हवं?"

 आप्पासोनं नुसते हात जोडले. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. अकरा वर्षं, एक सकाळ चुकली नाही. शपथ भांडणापुरती आणि माणुसकी वेगळी, असा गावानं अर्थ लावला, आणि शेजारच्या गावांतही तो सांगितला. आप्पासो त्या अकरा वर्षांत शरमेनं एकदाही तोंड उघडून बोलला नाही.

आता ते स्टूल.

सेहेचाळीस सालच्या माघात अण्णा थोरल्या बहिणीला, बनुआक्काला, मोतीबिंदू काढायला मिरजेला घेऊन गेले. तपासणीच्या खोलीबाहेर रांग होती. आक्काचा नंबर येऊन ती आत स्टुलावर बसली आणि तिला आठवलं की तोंडात मिश्री आहे.

"नाथा, मी चूळ भरून येते. तू जागा धर. न्हाईतर कुनीतरी बसल."

अण्णा बसले. पलीकडून कंपाउंडर आला, त्यानं वर न बघता अण्णांच्या नाकावर एक लाकडी चौकट चढवली आणि विचारलं, "समोरच्या पाटीवर काय दिसतंय?"

"कंची पाटी?"

"भिंतीवरची."

"भित कुठं हाय?"

कंपाउंडरनं आता मात्र वर बघितलं. त्यानं चौकटीत एक काच घातली. मग दुसरी. मग ती काढून तिसरी.

"आता?"

"आता पाटी आली."

"आली नाही. होतीच."

अण्णांनी डोकं जरा वळवलं. खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"डाक्टर, ह्या झाडाची पानं सुटी सुटी कशानं झाली?"

"सुटीच असतात."

"समद्यास्नी अशीच दिसत्यात?"

"सगळ्यांना."

 अण्णांनी हळूच विचारलं, "कवापास्नं?"

एवढ्यात आक्का चूळ भरून आली. अण्णांनी चौकटीतून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आक्का, तू लय म्हातारी झालीस की गं!"

"मग तू काय मांडवात बसलाईस? ऊठ, माझी जागा हाय."

आक्काचे डोळे कापले. ती पट्ट्या बांधून आठ दिवस उताणी पडली, आणि तेवढ्यात बाजारातल्या दुकानातून अण्णांचा चष्मा तयार होऊन आला. गोल काचा, पोलादी काड्या. अण्णा सतारमेकरांच्या गल्लीत उभे राहून लांबूनच तंबोऱ्याच्या तारा मोजून आले. परतीच्या गाडीत आक्का डोळे बांधून बसलेली आणि अण्णा खिडकीतून तिला जग सांगतायत.

"आक्का, माधवनगरच्या गिरणीला धुराडं हाय!"

"हाय की."

"केवढं उंच!"

"आरं मला ठावं हाय. चाळीस वर्सं ह्या वाटंनं जातोय आपुन. तुला न्हवतं ठावं?"

 एक्कावन्न वर्षांच्या माणसाला दुसऱ्या कुणी न सांगता कळलं होतं, की इतके दिवस आपण ज्याला जग म्हणत होतो तो जगाचा नुसता अंदाज होता.

घरी आले तेव्हा मनुबाई अंगणात धान्य पाखडत होती. चांगल्या घरातल्या नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांजवळ उभं राहायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि लांबून अण्णांना दिसत नसे. तेव्हा अण्णांनी आपल्या बायकोला सूर्यप्रकाशात नीट बघितलं ते लग्नाच्या सव्विसाव्या वर्षी. ते मिरजेची हकिकत मोठ्या थाटात सांगायला लागले, डॉक्टर आपल्याला कसा खुर्ची देत होता वगैरे, आणि मध्येच थांबले.

"तू हसतीस व्हय?"

मनुबाईनं पदर तोंडाला लावला. "न्हाई जी."

"मी बोलाय लागलो की हसतीस?"

"सव्वीस वर्सं हसतीया," मनुबाई म्हणाली. "मला वाटलं, तुमास्नी चालतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चष्मा लावून रानाकडे निघाले. पहिला भेटला भिवा, डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन. आजवर सकाळच्या या पहिल्या भाऱ्याखालच्या माणसाला अण्णा खालच्या आळीतला कुणी भाऊबंद समजत आले होते. "राम" असं तोंडातून निघालं आणि मग समोर कोण आहे ते दिसलं. भिवा रोजच्यासारखा थांबला होता, अर्धाच राम मिळाल्यामुळे जरा बुचकळ्यात. उरलेला राम म्हणायला अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा थोडं बळ लावावं लागलं. पण म्हणाले. पुढं गेल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. म्हणाल्याचं नाही, बळ लागल्याचं.

मग ओढ्यापाशी समोरून एक माणूस आला. हा रोजचाच. हात जोडायचा, बोलायचा नाही. हा माण तालुक्यातला कोंडीबा धनगर, अशी अण्णांची समजूत, घरीही ते कौतुकानं सांगत, "कोंडीबा लय सभ्य मानूस. उलटा शब्द न्हाई." तो माणूस जवळ आला, आणि चष्म्यातून आप्पासो दिसला.

अण्णांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आप्पासोनं हात जोडले, वाट बघितली. अण्णा त्याच्या शेजारून निघून गेले.

दुपारच्या आत ही बातमी गावभर झाली. अण्णांनी आप्पासोला राम राम घातला नाही. गुऱ्हाळावर कढईखालचा जाळ घालायचं सोडून माणसं यावर बोलत बसली, आणि एका कढईतला गूळ लागला.

अण्णा तिकडं रानात पोचले ते रागानं धुमसत. आपण अकरा वर्षं या माणसाला रोज सकाळी "बरं हाय न्हवं" विचारत होतो! राग नीट पेटावा म्हणून त्यांनी शपथ मोडायची ठरवली आणि तो दगड बघायला गेले. थारोळ्यापासून पावलं मोजायला सुरुवात केली. अठरा झाली. दगड नाही. एकोणीस. वीस. एकवीस.

एकविसाव्या पावलाला दगड होता.

त्यांनी माघारी जाऊन पुन्हा मोजलं. पुन्हा एकवीस. दगडाच्या बुडाशी हरळी वाढलेली, एका अंगाला मुंग्यांचं जुनं वारूळ. काल-परवा आणलेला दगड नव्हता तो. वर्षानुवर्षं इथं होता. अण्णांचा गडी त्या दगडापर्यंतच नांगरत आला होता. दगड कुठं आहे हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मनुबाईला विचारलं, "आप्पासोनं दगड कवा माघारी सारला?"

"धा वर्सं झाली की. भांडान झालं त्याच्या फुडल्याच वर्सी."

"तुला ठावं हुतं?"

"समद्या गावाला ठावं हाय."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई!"

"आवं, तुमी रोज त्याला राम राम घालताय. आमास्नी वाटलं, तुमास्नी ठावं असल्याबिगर का घालताय?"

"मग घरात बसून मी त्याला रोज शिव्या देतो, त्या?"

"मला वाटलं, सवय असंल."

अण्णा खाली बसले. मग हळूहळू त्यांनी बायकोला खरं सांगितलं. कोंडीबा सांगितला, झाडाची पानं सांगितली. मनुबाई आधी हसली, मग हसायची थांबली.

"ह्ये आप्पासोला सांगनार काय तुमी?"

"सांगाय नगो?"

"त्यानं रान कशापायी सोडलं? तुमच्या राम रामपायी. आता त्याला म्हनायचं, बाबा, त्यो राम राम तुजा न्हवताच. मग त्याच्याकडं काय ऱ्हायलं? आन् तुमच्याकडं?"

हा प्रश्न अण्णांच्या सोप्यावर आजवर आलेल्या सगळ्या भांडणांपेक्षा अवघड होता. आप्पासो चांगला वागला होता, आणि तो वागला ते अण्णा चांगले वाटले म्हणून. अण्णा नुसतेच वाटले होते. खरं सांगावं तर अण्णांचा सज्जनपणा जातो आणि आप्पासोचा मूर्खपणा ठरतो. न सांगावं तर उद्यापासून डोळ्यांनी स्पष्ट बघून, जाणूनबुजून, सज्जन माणसाचं सोंग आणावं लागतं.

"उद्या गप राम राम घाला," मनुबाई म्हणाली. "झालं."

अण्णांना ते पटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वाटेवर आप्पासो आलाच नाही. अण्णा तसेच दगडाकडे गेले, आणि जाता जाता पायांनी सवयीनं मोजलं. एकवीस झाली. दगड नाही. एकविसाव्या पावलाला नुसता खड्डा आणि फुटलेलं वारूळ.

दगड होता चोविसाव्या पावलाला. आप्पासोच्या रानात, त्याच्या हळदीत, ताजी माती ओढून नीट बसवलेला.

दुपारी गाव अण्णांच्या सोप्यावर आलं. पुढं लालासाहेब, पलटणीतून पेन्शनवर आलेले हवालदार. त्यांच्यामागं गुंडा आणि दहा-बारा माणसं. लालासाहेब कुठंही रिपोर्ट दिल्यासारखे बोलत.

"अण्णा, सिच्युएशन खराब हाय. आप्पासोनं काल सांजच्याला दगड आपल्याच रानात सरकवला. वर तीन पावलं. बोलत न्हाई, जेवत न्हाई. म्हनतो, अण्णा कशावर रागावलं ठावं न्हाई, पर काय चुकलं असंल ते ह्यात भरून घ्या. गावाची रिक्वेस्ट हाय. चष्मा उतरवा."

"चष्म्याचा काय संबंध?"

"त्यो आल्यापास्नं तुमी बदलला. आदी तुमी मानूस बघत न्हवता."

आता अण्णांना राहवेना. "आरं, मला दिसतच न्हवतं!"

सगळे एकमेकांकडे बघून समजल्यासारखे हसले. हवालदारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," ते म्हणाले. "ह्येला म्हनत्यात मोठेपना."

"मोठेपना न्हवं! खरंच दिसत न्हवतं. गुंडा, तुज्या शेळ्या माझ्या उसात शिरत्यात, ह्ये मला काल कळलं."

"आवं अण्णा, शेळ्या काय मुंग्या हैत, न दिसाय?"

"मला झुडपं वाटायची."

"हालनारी झुडपं?"

"वारं सुटलंय म्हनायचो."

गुंडानं दोन्ही हात जोडले आणि मागं वळून लोकांना म्हणाला, "ऐकलं? माझी लाज झाकाय ह्या मानसानं वारं बी सोडलं!"

यावर इतरांनाही धीर आला. एकानं सांगितलं की आपण अण्णांच्या बांधावरच्या दोन बाभळी त्यांच्या देखत तोडल्या होत्या, तेव्हा अण्णांनी उलट "दमलास का?" असं विचारलं होतं. दुसऱ्यानं सांगितलं की भर पंचायतीत आपण अण्णांना वेडावून दाखवलं होतं, तरी निकाल आपल्या बाजूनं लागला. प्रत्येकजण आपली चोरी हारासारखी अण्णांच्या गळ्यात घालत होता. अण्णा जितकं "न्हाई रं, न्हाई" म्हणत, तितका त्यांचा मोठेपणा वाढत होता. शेवटी गाव समाधानानं उठून गेलं आणि अण्णा, दोन बाभळींनी आणि बऱ्याच उसानं गरीब होऊन, सोप्यावर एकटे राहिले.

मनुबाई दारात उभी होती. या खेपेला हसत नव्हती.

"गावाला पटत न्हाई," अण्णा म्हणाले.

"गावाला पटून काय करायचंय? गावानं कुठं दगड सारलाय?"

अण्णांनी पटका बांधला आणि निघाले.

आप्पासो हळदीच्या कडेला, चोविसाव्या पावलाच्या त्या दगडाशेजारी उकिडवा बसला होता. अण्णांना बघून उठला, हात जोडले.

"आप्पासो," अण्णा म्हणाले. अकरा वर्षांत ते नाव घराबाहेर त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. "हात खाली घे. त्यो राम राम तुजा न्हवता."

आप्पासोला कळेना.

"मला लांबचं दिसत न्हवतं. तीन पावलावरचा मानूस म्हंजे नुसता धुरळा. त्या धुरळ्याला मी राम राम घालत हुतो. तू हैस ठावं असतं तर थुकलो असतो."

आप्पासोचा आवाज अकरा वर्षं जपून ठेवल्यासारखा घोगरा निघाला. "खोटं बोलताय. मला बरं वाटावं म्हनून."

"बरं कसं वाटंल रं ह्यानं तुला? घे." अण्णांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. आप्पासो चार पावलं मागं सरकला आणि हात वर केला.

"किती बोटं?"

"हात वर केलाईस काय?"

आप्पासोनं हात खाली घेतला. त्यानं दगडाकडे बघितलं, हळदीकडे बघितलं. गावाला जे पटलं नव्हतं ते त्याला पटलं, आणि पटल्याबरोबर तो पेटला.

"मग त्यो राम राम हुता कुनाचा?"

"मला वाटायचं, कोंडीबा हाय."

"कंचा कोंडीबा?"

"धनगर. मानातला."

"त्यो दसऱ्याला येतो, शिवरातीला जातो! बाकीचं म्हैनं?"

"मला वाटलं, हल्ली हितंच ऱ्हातोय."

"म्हंजे," आप्पासो ओरडला, "धनगराच्या राम रामवर मी तीन पावलं रान सोडलं! अकरा वर्सं मान वर केली न्हाई! लेकाच्या लग्नात तुमास्नी बोलवाय तोंड झालं न्हाई माजं, आन् तुमी... तुमी धुरळ्याशी बोलत हुता!"

"तीन न्हवं, सा सोडलंस. कालचं तीन धर."

"धरतो की! आत्ता दगड अठराला नेतो!"

"एकवीसच्या अलीकडं आनलास तर बघ!"

"बघताय कशानं? चष्मा माज्याकडं हाय!"

असं म्हणून आप्पासोनं दगडाला हात घातला. अण्णांना दगड दिसत नव्हता, पण कुठं आहे हे त्यांच्या पायांना माहीत होतं. त्यांनी दुसरी बाजू धरली. दोन पोक्त शेतकरी, दोघांच्या नातवंडांची बारशी झालेली, एका दगडाच्या दोन अंगांना भिडले. आप्पासो अठराकडे ओढत होता. अण्णांनाही खरं तर तिकडंच ढकलायला हवं होतं, कारण एकवीसही त्याच दिशेला होतं. पण भांडणात असल्यामुळे दोघांच्याही ते लक्षात आलं नाही आणि दोघं उलट जोर लावून बघत राहिले. दगड थोडा हलला आणि जाम रुतला. दोघंही त्याच्यावर टेकले, धापा टाकत.

बऱ्याच वेळानं आप्पासोनं चष्मा उलटसुलट करून बघितला आणि स्वतःच्या नाकावर चढवला.

"ह्या बया," तो म्हणाला. "समदं इस्कटलं. असं दिसायचं तुमास्नी?"

"साधारन असंच."

"रोज?"

"रोजच की."

आप्पासो त्या विस्कटलेल्या जगाकडे बघत राहिला. तेवढ्यात बांधावरून काहीतरी आलं. माणसाएवढं, मागं खाली काहीतरी हालणारं. अण्णांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता म्हणून त्यांना कळेना आणि आप्पासोच्या डोळ्यांवर होता म्हणून त्याला कळेना. गावात अनोळखी माणसाला तसंच जाऊ देणं बरं दिसत नाही. दोघंही एकदम म्हणाले, "राम राम! बरं हाय न्हवं?"

"राम राम, राम राम!" गुंडाचा आवाज आला, गहिवरलेला. त्याच्या शेळ्या अण्णांच्या उसातून बाहेर पडत होत्या. "तुमी दोघं एका दगडावर! आता कशाची काळजी न्हाई, अण्णा." आणि शेळ्यांना घेऊन तो आप्पासोच्या हळदीतून आडवा निघून गेला.

आप्पासोला आधी हसू फुटलं. हसता हसता त्यानं चष्मा काढून अण्णांना दिला, पुसूनबिसून.

अण्णांनी तो लावला. एवढ्या जवळून, उन्हात, आप्पासोचं तोंड त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. दाढीचे पांढरे खुंट, कानाजवळ कसलीशी जुनी जखम, आणि डोळे लाल.

"एक सांग," अण्णा म्हणाले. "मी बोलनार न्हाई म्हनून देवळात शपथ घेतली ती तू ऐकलीस. मग नुसत्या राम रामनं दगड माघारी का सारलास?"

आप्पासोनं बोटानं दगडावरची माती उकरली.

"राम रामनं न्हवं. राम राम समदीच घालत्यात. तुमी म्हागनं इचारायचा, 'बरं हाय न्हवं?' त्ये दुसरं कुनी इचारत न्हाई. घरात बी न्हाई. वरीसभर रोज कुनी इचारलं, की मानसाला वाटतं, बरं असाय पायजे."

अण्णा त्याच्याकडे बघत होते. मान खाली घालायची आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बघायची त्यांची जुनी सवय आता चालेना. मध्ये रिकामी जागाच राहिली नव्हती.

"मग हुतं काय बरं?" त्यांनी विचारलं. "तू कवा सांगितलंच न्हाईस."

"कुठलं बरं?" आप्पासो म्हणाला, आणि सांगायला लागला. अडतीस साली गुडघा धरला तिथपासून सुरुवात केली. मग बैल मेला तो, मग पोरीचं बाळंतपण, धाकटा लढाईवर गेला आणि दीड वर्ष पत्र नाही तेव्हाचं, मग दाढ. अकरा वर्षांची सगळी उत्तरं तो तारीखवार देत गेला. ऊन कललं, विहिरीवरची मोट सुटली, मनुबाई दोनदा बांधावर येऊन बघून माघारी गेली. अण्णा ऐकत होते आणि मुख्य म्हणजे बघत होते. एखाद्याचं ऐकताना त्याचं तोंडही बघायचं म्हणजे किती दमायला होतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यानंतर अण्णांनी न्यायनिवाडा सोडला. समोरची तोंडं दिसायला लागल्यापासून त्यांना दोन्हीकडचं खरं वाटायला लागलं, आणि असा माणूस निकाल देऊ शकत नाही. गावाचं अजून मत आहे की त्या चष्म्यानं एका संताचं नुकसान केलं. गुंडाचं तर खासच झालं. त्याच्या शेळ्यांना दुसऱ्या दिवसापासून अण्णा नावानिशी हाकलायला लागले. अण्णांचे राम रामही कमी झाले. आता ते लांबून माणूस ओळखत, विचार करत, आणि मगच घालत. भिवाला घालत. बळ कमी लागत गेलं, असं ते म्हणत. पण अगदी लागत नाही असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

दगड त्या दिवशी दोघांच्या ओढाओढीत जिथं रुतला होता तिथंच राहिला. आप्पासोच्या गुडघ्याच्या नादात तो हलवायचं दोघंही विसरले, आणि हळद निघाल्यावर दोघांच्या गड्यांनी दोन्ही बाजूंनी त्याच्यापर्यंत नांगरून टाकलं. हवालदारांनी मागाहून पावलं टाकून बघितली, तर साडेबावीस भरली. तसा रिपोर्टही त्यांनी दोघांना दिला. अण्णा म्हणाले, आप्पासोला विचारा. आप्पासो म्हणाला, अण्णांना विचारा. हवालदार त्या दोन घरांमध्ये उन्हाळाभर हेलपाटे घालत होते.